वीज दारात आली, पण बसली कुठे? हिंगोलीच्या घरांतल्या एका जागेचा इतिहास



आजचा विषय वाचून काही जण मनात म्हणाले असतील, तत्त्वज्ञानाच्या मास्तरांनी म्हातारपणी वायरमनचं काम धरलं की काय! तसं काही नाही. आज आम्ही एका जागेबद्दल बोलणार आहोत. घरात विजेचं मीटर, मेन स्विच आणि फ्यूज ज्या भिंतीवर असतात, ती जागा. ती कोणी ठरवली, केव्हा ठरवली आणि काय बघून ठरवली, एवढाच प्रश्न आहे. बोलताना डोळ्यांपुढे हिंगोली जिल्हा ठेवू. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीचं जे सांगू ते कागदोपत्री परभणीचं, हे लक्षात असू द्या.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ही जागा तारेच्या लांबीने ठरली, मीटर वाचणाऱ्याच्या सोयीने ठरली आणि पुढे चोरीच्या धास्तीने ठरली. घरातल्या माणसाच्या जिवाकडे बघून ती ठरल्याची उदाहरणं फार थोडी.

वीज येण्याआधीचं घर आठवा. वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा या पट्ट्यातलं जुनं घर म्हणजे माळवदाचं. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खांब आणि तुळया, वर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दारातून आत आलं की ढाळज, मग अंगण, मग ओसरी, आणि पार आत चूल नि देवघर. या घरात आगीला ठरलेल्या जागा होत्या. चुलीची जागा ठरलेली, समईची ठरलेली, भिंतीतल्या देवळीत दिवा, कंदिलाला खुंटी. कडब्याच्या गंजीजवळ कोणी चिलीम घेऊन गेलं तर घरातली म्हातारी जे काही बोलायची, ते ऐकलेले लोक आजच्या सभेतही असतील. हे शहाणपण कुठल्या पुस्तकातून आलेलं नव्हतं. ज्वाळा डोळ्यांना दिसते, हाताला लागते, म्हणून तिचं शेजारपण कोणाशी असावं आणि कोणाशी नसावं हे पिढ्यान् पिढ्या घराला माहीत होतं. वीज आली ती ज्वाळेशिवाय आली. तिला घरात जागा नेमून देणारी म्हातारी कोणीच नव्हती.

आता ती आली कशी, ते बघू. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. हैदराबाद शहरात १९१० सालापासून विजेचं सरकारी खातं होतं, पण खेड्यांपर्यंत त्याचा उजेड पोचायचा प्रश्नच नव्हता. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी २० जूनला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं उभी राहिली. येलदरीच्या पायथ्याशी २२.५ मेगावॉटचं छोटं जलविद्युत केंद्र आलं, १९७१ मध्ये परळीच्या औष्णिक केंद्राचे पहिले संच चालू झाले. दिल्लीत १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ निघालं होतं, त्याचं कर्ज मिळू लागलं आणि खांब गावोगाव निघाले.

पण गावात वीज आली असं म्हणायचं केव्हा? १९९७ पर्यंतची सरकारी व्याख्या मोठी मासलेवाईक आहे. गावाच्या महसुली हद्दीत कुठल्याही कामासाठी वीज वापरली गेली, की गाव 'विद्युतीकृत'. म्हणजे शिवारातल्या एका विहिरीवर मोटार बसली आणि अख्ख्या गावात चिमण्या जळत असल्या, तरी चालायचं. वस्तीत वीज हवी, अशी दुरुस्ती १९९७ मध्ये झाली आणि निदान १० टक्के घरांत हवी, हे २००४ मध्ये ठरलं.

या व्याख्येकडे केवळ विनोद म्हणून बघू नका. आपल्याकडे वीज आधी विहिरीवर गेली आणि मग घरात आली, हा क्रम तिच्यातून समजतो. विहिरीवर लिंबाच्या झाडाला किंवा लाकडी खुंटाला ठोकलेली फळी, तिच्यावर स्टार्टर, पायाखाली चिखल, आणि फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात घातलेली जाड तार. विजेशी शेतकऱ्याची पहिली ओळख ही अशी झाली. आमच्या मते घरातल्या बोर्डाकडे बघायची नजर इथूनच घरी आली. पुरावा मागाल तर कागद दाखवता येणार नाही, पण क्रम बघा आणि सवयी बघा.

आता घराकडे येऊ. रस्त्यावरच्या खांबावरून सर्व्हिस वायर निघते. ती जितकी आखूड तितकी स्वस्त, म्हणून ती घराच्या सगळ्यात पुढच्या भिंतीवर येते. तिथे सागवानी फळी, फळीवर मीटर, खाली चिनीमातीचे किटकॅट फ्यूज आणि लोखंडी पेटीचा मेन स्विच. मीटर वाचायला येणारा माणूस परका, त्याला आत कशाला न्यायचं? पाहुण्याची हद्द ढाळजेपर्यंत, तशी मीटरचीही ढाळजेपर्यंत. घराची रीत आणि तारेचा हिशेब इथे एकमेकांना भेटले आणि जागा पक्की झाली.

मीटर वाचणाऱ्याच्या सोयीने जागा ठरणं ही काही आपलीच खोड नाही. एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केलं, तेव्हा तारा जमिनीखालून जात, म्हणून मीटर तळघरात. ते मीटर म्हणजे काचेच्या बरण्या, आत जस्ताचे द्राव आणि पट्ट्या. माणूस येऊन पट्ट्या घेऊन जायचा, वजन करायचा, त्यावरून बिल. तळघर गारठलं की द्राव गोठायचा, म्हणून मीटरच्या पेटीतच एक दिवा ठेवलेला असायचा, थंडी वाढली की तो आपोआप लागायचा. मीटरला थंडी वाजू नये याची काळजी घेतली होती! पुढे १८८८-८९ मध्ये अमेरिकेत शॅलेनबर्गर आणि हंगेरीत ब्लाथी यांनी फिरत्या चकतीची मीटरं तयार केली. आपल्या ढाळजेतलं काळं, चकतीवालं मीटर त्याच घराण्यातलं.

इथे आम्हाला ॲरिस्टॉटलची आठवण होते, आणि ती सांगितल्याशिवाय आम्ही पुढे जाणार नाही, हे आमचे नेहमीचे श्रोते जाणतात. 'फिजिक्स' या ग्रंथाच्या चौथ्या भागात तो विचारतो, जागा म्हणजे काय? त्याचं उत्तर थोडक्यात असं, की एखाद्या वस्तूची जागा म्हणजे तिला वेढणाऱ्या पदार्थाची आतली कड. वस्तूला जे बिलगून आहे, त्यानेच तिची जागा बनते. हे उत्तर पुढे फार टिकलं नाही, पण आपल्या कामाचं आहे. मीटरची जागा म्हणजे 'पुढची भिंत' असं आपण समजतो. खरं विचारायचं ते हे, की त्याला वेढून काय आहे?

हिंगोलीत पूर्वी, आणि बऱ्याच घरांत आजही, दसरा-दिवाळीनंतर त्याला वेढून कापूस असतो. वेचलेला कापूस भाव येईपर्यंत घरात ठेवायचा, तो कुठे ठेवणार? गाडी लागते तिथे, म्हणजे पुढच्या खोलीत. ढीग चढत चढत बोर्डापर्यंत जातो. आता सोयाबीन वाढलं, वसमतकडे हळद आहे, तिथे पोत्यांची थप्पी लागते. पण कापसासारखा वैरी दुसरा नाही. तो भडकण्याआधी आतल्या आत धुमसतो, आणि लक्षात येईस्तोवर उशीर झालेला असतो.

लोक म्हणतात, फ्यूज आहे की! फ्यूज काय करतो ते नीट समजून घ्या. तारेतून प्रमाणाबाहेर प्रवाह गेला तर फ्यूज वितळतो. पण बऱ्याच आगी सैल जोडातून लागतात. सर्व्हिस वायर ॲल्युमिनियमची, मीटरची टोकं पितळेची. ॲल्युमिनियम मऊ धातू, स्क्रूखाली दबत जातो, त्यावर गंजासारखा थर धरतो, जोड ढिला पडतो. ढिल्या जोडातून नेहमीइतकाच प्रवाह जातो, पण जोड तापतो, ठिणग्या टाकतो. फ्यूजच्या दृष्टीने सगळं ठीक चाललेलं असतं. खाली मातीची भिंत असती तर फळी काळी पडून थांबलं असतं, खाली कापूस असला तर घर जातं. जोड तोच आणि ठिणगी तीच, शेजार तेवढा वेगळा.

कायद्याने काय केलं? १९१० चा भारतीय विद्युत कायदा आणि त्याखालचे १९५६ चे नियम कित्येक दशकं लागू होते. ५८ वा नियम सांगतो, ग्राहकाच्या फ्यूजच्या आत येणाऱ्या टोकापाशी पुरवठ्याचा आरंभबिंदू. त्याच्या अलीकडे पुरवठादाराची जबाबदारी, पलीकडे ग्राहकाची. ३१ वा नियम सांगतो, पुरवठादाराचा फ्यूज हात पोचेल अशा ठिकाणी आणि न जळणाऱ्या पेटीत हवा. नियम चांगले आहेत. पण बघा, कायद्याने काटेकोरपणे ठरवला तो बिंदू. बिंदूला शेजार नसतो. कापसाची जबाबदारी अलीकडच्याची की पलीकडच्याची?

शेजाराचा विचार झाला तो मानकांत. भारतीय मानक ७३२ आणि २००५ ची राष्ट्रीय इमारत संहिता उघडून बघा. स्विचबोर्ड गॅसच्या शेगडीवर किंवा मोरीच्या वर लावू नये. धुण्याच्या जागेपासून अडीच मीटरच्या आत लावू नये. न्हाणीघरात, संडासात, स्वयंपाकघरात लावू नये. जमिनीपासून सव्वा मीटरच्या आत असेल तर समोरून दार लावून पूर्ण बंद हवा. अमेरिकेच्या संहितेतही असंच आहे. फ्यूजची पेटी न्हाणीघरात नको, कपड्यांच्या कपाटात नको, जिन्याच्या पायऱ्यांवर नको. इंग्रजांच्या घरांत ती जिन्याखालच्या कपाटात असायची, जुन्या झाडू नि कोटांच्या संगतीत. प्लास्टिकच्या पेट्या पेटू लागल्या, तेव्हा २०१६ पासून त्यांनी घरगुती पेटी न जळणाऱ्या आवरणाची सक्तीची केली.

हिंगोली शहरात किंवा वसमतच्या बाजारपेठेत बघाल तर खाली दुकान, वर बिऱ्हाड, मधे एकच अरुंद जिना. सगळी मीटरं जिन्याच्या तोंडाशी आणि त्यांच्याखाली उभ्या मोटारसायकली. एप्रिल २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात खालच्या शिलाईच्या दुकानाला पहाटे आग लागली आणि वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातले ७ जण धुरात गेले. त्या आगीच्या कारणात आम्ही शिरत नाही. वर झोपलेल्या माणसांना उतरायचा रस्ता आगीतून होता, तेवढं बघा. आपण त्याच रस्त्याच्या तोंडावर मीटरं टांगतो.

असो. आमचा जीव खरा अडकला आहे तो दुसऱ्या घरात.

आत्ता वाचलेल्या यादीकडे परत या. स्वयंपाकघरात नको, न्हाणीत नको, धुण्यापासून अडीच मीटर दूर. या नियमांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे, की घराला खोल्या आहेत. आता घरकुल घ्या. प्रधानमंत्री आवास योजनेत २०१६ पासून ग्रामीण घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, स्वयंपाकाची जागा त्यातच धरलेली. त्याआधी ते २० चौरस मीटर होतं. १९८८-८९ पासून कुटीर ज्योती योजनेत गरिबाच्या घरात एका दिव्याची जोडणी मिळत होती. २०१७ मध्ये सौभाग्य योजना आली, राहिलेल्या घरांत मीटर आलं. त्याच्या वर्षभर आधी, १ मे २०१६ ला, उज्ज्वला योजना सुरू झाली, तिचा सिलिंडर आला. प्रत्येक योजना आपापल्या जागी भलीच आहे, आमची काहीच तक्रार नाही. पण एका खात्याने मीटर दिलं, दुसऱ्याने सिलिंडर, तिसऱ्याने भिंती, आणि हे तिघं भेटले ते एकाच खोलीत. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो. त्याच खोलीत बाज, धान्याची पोती, कोपऱ्यात मोरी. आता सांगा, या चार भिंतींपैकी कुठल्या भिंतीवर मीटर लावलं म्हणजे नियम पाळला जातो?

आम्ही एकदा कागद घेऊन हे आखून बघितलं. चार पावलांची खोली आहे, मोरीपासून अडीच मीटर धरलं की शेगडी येते, शेगडी टाळली की दार, दाराच्या वर लावलं तर हात पोचत नाही. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जे घर होतं, त्यात हा माणूस राहतच नव्हता.

वास्तुशास्त्रवाले सांगतात, मीटर आग्नेयेला लावा. पूर्वीपासून आग्नेयेला चूलही असते. त्यांचं ऐकायचं तर मीटर थेट शेगडीवर येतं.

मग मीटर बाहेर गेलं. पण ते आतल्या माणसासाठी गेलं असं समजू नका. २००३ च्या वीज कायद्यात चोरीविरुद्ध कडक कलमं आली, २००५ मध्ये मंडळाचे तुकडे होऊन महावितरण झालं, गळती कमी करायची होती. मीटरशी छेडछाड होऊ नये म्हणून ते घराबाहेर, सगळ्यांना दिसेल असं. २००६ च्या केंद्रीय विनियमांनी मीटर ग्राहकाच्या जागेत किंवा बाहेर, दोन्हीकडे बसवायची मुभा दिली. बाहेर बसवलं तर ग्राहकाने मागितल्यावर घरात आकडे दाखवणारा एक पडदा द्यावा, अशीही तरतूद आहे. असा पडदा मागितलेला माणूस आम्हाला आजवर भेटलेला नाही. भेटला तर त्याचं व्याख्यान ठेवू.

बाहेर गेल्याने कापसाची भीती कमी झाली, हा मोठाच लाभ, तो मान्य करायला हवा. पण बाहेर काय होतं? पाऊस होता आणि पत्रा होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची जड घरं माणसांवर कोसळली आणि माळवदाची धास्ती मराठवाडाभर पसरली. नवं घर बांधायचं तर पत्र्याचं, हे तेव्हापासून अधिकच रुजलं. हिंगोलीत तर वसमत-औंढ्याच्या बाजूला अजूनही धक्के बसतात. माती वीज सहजी वाहून नेत नाही, निदान कोरडी असेपर्यंत. पत्रा नेतो. सर्व्हिस वायर पत्र्याच्या भोकातून आत जाते, वारा सुटला की पत्रा थरथरतो, त्याच्या धारेने तारेचं आवरण सोलत जातं. एका रात्री पाऊस येतो आणि सगळं छप्पर, लोखंडी चौकट, दार, कडी जिवंत होतं.

आणि वाळवणाची तार. ही गोष्ट आम्ही जरा सावकाश सांगतो, कारण पावसाळ्यात सर्वांत जास्त घात हिच्यापायी होतो. सर्व्हिस वायरला आधार म्हणून एक लोखंडी जस्ती तार ओढलेली असते, ती घराच्या लोखंडी ॲंगलला बांधतात. कपडे वाळत घालायलाही तशीच जस्ती तार, कारण ती स्वस्त आहे आणि तुटत नाही. आणि बांधायला खुंटी कुठली? तोच ॲंगल, मीटरच्या पेटीशेजारचा. वर्षानुवर्षं काही होत नाही. मग आवरण फाटतं, आणि आषाढात बाई ओलं लुगडं तारेवर टाकायला जाते, पाय ओल्या जमिनीवर. तिला सोडवायला नवरा धावतो, मग मुलगा. एका घरातले दोघं-तिघं एकदम गेल्याच्या बातम्या आपण वाचतो त्या बहुधा अशा असतात. देशात विजेच्या धक्क्याने दर वर्षी १० हजारांहून जास्त माणसं मरतात.

इथेही फ्यूज उडत नाही. घरातला फ्यूज ५ अँपिअरचा. माणसाचं हृदय बंद पाडायला त्याचा पन्नासावा हिस्सा, ०.१ अँपिअर, पुरतो. आणि तार मीटरच्या आधीच फुटली असेल तर घरातला फ्यूज त्या वाटेवरच नसतो. घराच्या आतल्या दोषापुरतं एक उपकरण आहे, जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की पुरवठा तोडणारं. पण २०१० च्या सुरक्षा विनियमांत ५ किलोवॉटखालच्या घरांना त्याची सक्ती नव्हती. पुढे मर्यादा खाली आणली, तरी एका दिव्याचं आणि एका पंख्याचं घर बाहेरच राहिलं. ज्याची भिंत पत्र्याची, अर्थिंग बेपत्ता, त्याला सवलत! ही सवलत खर्चाची होती हे आम्हाला कळतं. तिचा हिशेब मात्र कुठल्याच खात्याच्या वहीत लिहिला जात नाही.

आता तिसरा फेरा आला आहे. २०२१ च्या केंद्रीय योजनेतून स्मार्ट मीटर येत आहेत. त्यांच्या बिलावरून राज्यात बराच वाद झाला, त्यात आज जायला वेळ नाही. आमच्या प्रश्नापुरतं एवढंच महत्त्वाचं, की या मीटरचं वाचन दुरून होतं. वाचायला माणूस दारात येणार नाही. ज्या कारणाने जागा ढाळजेत ठरली होती, ते कारण संपलं. चोरीसुद्धा मीटर दुरून कळवू शकतं, म्हणजे दुसरं कारणही ढिलं झालं. जागा पुन्हा ठरवायची वेळ आली आहे आणि मीटर बदलणारा माणूस तर जुन्याच फळीवर, जुन्याच भोकांत नवं मीटर ठोकून जातो आहे.

तुमच्या दारात तो आला, की त्याला पाच मिनिटं थांबवा. पागोळीचं पाणी पडत नाही अशी बाहेरची भिंत दाखवा, मोरीपासून लांबची, छातीच्या उंचीवरची, जिच्या आतल्या बाजूला शेगडी नाही. सर्व्हिस वायर पत्र्याला न टेकता, पीव्हीसी नळीतून आत घ्यायला सांगा. जुना ॲल्युमिनियमचा जोड कापून नवा करायला सांगा. वाळवणासाठी तार सोडून नायलॉनची दोरी आणा, आणि ती मीटरच्या भिंतीला बांधू नका. घरकुलाचा पाया अजून भरायचा असेल, तर ग्रामपंचायतीत नकाशा पसरून मोरी आणि शेगडी कुठे हे विचाराल, तेव्हाच मीटरची भिंत कोणती हेही विचारा.

आता प्रश्न घेऊ. मागे बसलेल्यांनी जरा मोठ्याने बोलावं.